नाक गेलेल्या बाईची गळकी गाडी

आमच्या घरात नाक हा अवयव फक्त चष्मा टेकवण्यासाठी आहे. माझी वास घ्यायची शक्ती करोनाच्या साथीत गेली ती परत आलीच नाही. फोडणी जळली तर मला धूर दिसल्यावर कळतं. नवऱ्याला बारमाही सर्दी. त्यामुळे आमच्या गाडीतून पेट्रोल गळतंय ही गोष्ट आधी अख्ख्या बिल्डिंगला कळली आणि मग आम्हाला.

कळली म्हणजे सांगितली गेली, आणि मी चक्क विश्वास ठेवला नाही. पहिल्या मजल्यावरची शेजारीण म्हणाली, "अहो, तुमच्या गाडीपाशी पेट्रोलचा केवढा वास मारतोय!" मी म्हटलं, बाहेर स्कूटर उभ्या असतात, त्यांचा असेल. मग दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले. मग वॉचमन म्हणाला. जितके जास्त लोक सांगायला लागले तितकी माझी खात्री पटत गेली की हा कट आहे. बोरीवलीत राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. आमच्याकडे भावाभावांत फ्लॅटवरून होत नाहीत एवढी भांडणं पार्किंगवरून होतात. माझी जागा बिल्डिंगच्या पोटाखाली, सावलीत, लिफ्टला लागून. दुसऱ्या मजल्यावरच्यांची नवीकोरी मोठी गाडी बाहेर उन्हात तापते. तेव्हा वास कोणाला येणार आणि का येणार, हे मला कोणी शिकवायला नको होतं.

शेवटी सेक्रेटरींनी मला खाली बोलावलं. मनुष्य शांत, निवृत्त झालेला, आवाज कधी चढत नाही. त्यांनी गाडीखालून एक वर्तमानपत्र ओढून काढलं आणि माझ्या हातात दिलं. कागद ओला होता. नाकाशी धरून उपयोग नव्हता, म्हणून मी बोट लावलं. बोट गार पडलं आणि बघता बघता कोरडं झालं. पाणी असं वाळत नाही.

"वहिनी, बुधवारी गणपती बसतोय," ते म्हणाले. "मांडव इथेच, तुमच्या गाडीच्या शेजारी. समया, धूप, दोन वेळा आरत्या. तुम्हीच सांगा, ही गाडी इथे ठेवू देऊ का?"

त्यांचं बरोबर होतं. ते बरोबर होतं म्हणूनच मला जास्त राग आला. बाहेर रस्त्यावर ठेवायची तर टोइंगवाले टपलेले असतात, आणि रस्त्यावर काय लोक विड्या ओढत नाहीत? म्हणजे एक तर गळती थांबवायची, नाहीतर गाडी घालवायची.

नवऱ्याने दुसरा मार्ग त्याच संध्याकाळी मोकळा करून टाकला. चहा पिता पिता म्हणाला, "भंगारवाल्याशी बोललोय. रविवारी संध्याकाळी येतो म्हणाला, ट्रक घेऊनच."

"कोणाला विचारून?"

"अगं, आता आपली वयं झाली. कशाला हवेत हे व्याप?"

हे 'आपली वयं' प्रकरण मला अजिबात सहन होत नाही. त्याचं झालं असेल. तो गाडी चालवत नाही, कधी शिकलाच नाही. ही गाडी माझी. माझ्या नावावर घेतलेली, सेकंडहँड, मी नोकरीतून निवृत्त झाल्यावर. ड्रायव्हिंग स्कूलमधला माणूस मला पहिल्या दिवशी म्हणाला होता, "काकू, मुलाला नाही का पाठवलं?" मुलगा नाही, मुलगी आहे, ती लांब परदेशात आहे, आणि मला स्वतःलाच शिकायचंय, हे मी त्याला सांगितलं, आणि शिकले. चौकोनी, छोटी, कार्ब्युरेटरवाली जुनी गाडी. स्टिअरिंग वळवताना दंडाला व्यायाम होतो. एसीचं बटण आहे, एसी नाही. पण तिची मुदत संपल्यावर पुन्हा पासिंग करून आणायला मी स्वतः रांगेत उभी राहिले होते. एस. व्ही. रोडच्या गर्दीत बसवाले मला जागा देतात. प्रेमाने नव्हे, भीतीने, पण देतात.

आणि मला एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. ही गेली की दुसरी गाडी मला कोणी घेऊ देणार नव्हतं. मुलगी फोनवर म्हणणार, आई, कॅबने जा ना, किती सोपंय. मग मी कॅबने जाणार, मागच्या सीटवर बसणार, ड्रायव्हरला ओटीपी सांगणार आणि त्याने लावलेली गाणी ऐकणार. ज्या दिवशी मी ती किल्ली भंगारवाल्याच्या हातावर ठेवीन त्या दिवसापासून मी म्हातारी. त्याआधी नाही. मी घाबरले होते, आणि घाबरले की मी भांडते, हा माझा जुना स्वभाव आहे.

माझा मेकॅनिक कोकणातला. गणपतीच्या आठवड्यात बोरीवलीतली निम्मी गॅरेजं बंद असतात हे मला इतकी वर्षं माहीत होतं, फक्त त्याचा मला कधी उपद्रव झाला नव्हता. शटरवर कागद चिकटवला होता, 'गावी गेलो आहे. विसर्जनानंतर भेटू.' फोन केला तर तो घाटात होता, आवाज येत-जात होता. "मावशे, तू हात लावू नको हां! मी इलंय की बघतंय..." एवढं ऐकू आलं आणि फोन तुटला. बाकीच्या एकदोन गॅरेजवाल्यांनी गाडीचं नाव ऐकूनच हात वर केले. गणपती होऊ द्या, मग टो करून आणा, मग बघू.

मग मी हात लावायचं ठरवलं.

तसं बघितलं तर पेट्रोलचा प्रवास काही फार गूढ नाही. टाकी मागे, इंजिन पुढे. मधे गाडीच्या पोटाखालून जाणारा लोखंडी पाईप, आणि त्याच्या दोन्ही टोकांना रबरी पाईपचे तुकडे. रबर जुनं झालं की तडकतं. हल्लीचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल त्याला आणखी लवकर खातं, असं मेकॅनिक नेहमी म्हणायचा. कागद ओला होत होता तो पुढच्या बाजूला, इंजिनाच्या जवळ. बॉनेट उघडून बघितलं तर तिथला रबरी पाईप खरंच भेगाळलेला. झालं, चोर सापडला.

स्टेशनजवळच्या स्पेअर पार्टवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "काकी, मेकॅनिकला पाठवा ना, त्याला कळेल काय पाहिजे ते." मी जुना तुकडा कापून नेला होता. तो काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, "मेकॅनिक मीच. पेट्रोलचाच पाईप दे, पाण्याचा दिलास तर परत येईन." त्याने मुकाट्याने माप लावलं. मी हातभर जास्तच घेतला, सोबत मूठभर क्लिपा.

शुक्रवारी दुपारी मी तो पुढचा पाईप बदलला. बॅटरीची वायर आधी काढून ठेवली. वॉचमनला आगीसाठी ठेवलेली वाळूची लाल बादली आणायला सांगितली. तिच्यात वाळूपेक्षा पानाच्या पिचकाऱ्या आणि थोटकं जास्त होती, त्यावरून त्याच्याशी भांडून ताजी वाळू भरून घेतली. पाईप बसला. गाडी चालू केली, खाली टॉर्च मारला, एक थेंब नाही. मी वर जाऊन शिरा केला. शेजारणीला दिला, वॉचमनला दिला, सेक्रेटरींच्या घरी वाटीभर पाठवला. नवऱ्याला म्हटलं, "सांग तुझ्या भंगारवाल्याला, येऊ नकोस म्हणून." तो म्हणाला, "थांब, उद्यापर्यंत बघू." याला मी नाट लावणं म्हटलं.

शनिवारी सकाळी खाली गेले तर सेक्रेटरी गाडीपाशी उभे होते. हातात वर्तमानपत्र.  'बघा' असंसुद्धा म्हणाले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. कागद पुन्हा ओला होता, त्याच जागी. "शिरा छान झाला होता हो," असं म्हणून ते गेले.

मी वर आले, बाथरूमचं दार लावलं आणि रडले. लाज वाटत होती. वाटीवाटीने वाटलेला तो शिरा डोळ्यांसमोरून हलेना. नवरा बाहेरून म्हणाला, "अगं, जाऊ दे ना." मी नाक पुसलं आणि वर बघितलं.

वर आमच्या छतावर ओलीचा डाग आहे. मुंबईत ज्याच्या बाथरूमला असा डाग नाही त्याने स्वतःला भाग्यवान समजावं. आमच्या सोसायटीत लीकेजच्या तक्रारी बघायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. त्या काळात मी एकच गोष्ट शिकले, आणि प्रत्येक भांडणात दोन्ही मजल्यांना तीच समजावून दमले: ओल दिसते तिथे पाईप फुटलेला नसतो. पाणी वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात गळतं, स्लॅबच्या आतून चालत चालत येतं आणि खालच्याच्या बेडरूममध्ये उतरतं. ओलीच्या जागी फोडाफोडी करणारा प्लंबर हमखास दोनदा पैसे घेतो. खरा प्लंबर डागावरून मागे मागे जातो.

मी तशीच बाहेर आले. आमच्या पार्किंगची फरशी पुढे, गेटच्या दिशेला उतरती आहे. गाडीचं तोंड उताराकडे. मागे कुठे थेंब सुटला तर तो लोखंडी पाईप धरून पुढे ओघळत येणार आणि इंजिनापाशी टपकणार. आणि इंजिन चालू असताना थेंब का दिसला नाही तेही एकदम लक्षात आलं. चालू इंजिनाचा पंप टाकीतून पेट्रोल ओढत असतो. भेगेतून थेंब बाहेर पडायच्या ऐवजी बाहेरची हवाच आत ओढली जाते. म्हणूनच गेले काही आठवडे गाडी सकाळी कुरकुरत सुरू होत होती! मी त्याला थंडी म्हणत होते, तीही श्रावणात.

"रडून झालं?" नवऱ्याने विचारलं.

"झालं. तुझा दाढीचा ब्रश दे."

मांडववाले सकाळीच आले होते आणि स्टेजच्या फळ्या उतरवत होते. मी त्यांच्या मुकादमाला म्हटलं, "भाऊ, गणपती बुधवारी बसेल. आज तुमच्या फळ्यांवर माझी गाडी बसू दे." तो हसला, पण जाड जाड फळ्या त्याने स्वतः रचून दिल्या, उताराच्या एकेक पायऱ्या करून. इंजिन चालू करायचं नव्हतं, म्हणून गाडी ढकलायची होती. पहिल्या मजल्यावरची शेजारीण पदर खोचून आली. जिन्यावरून उतरणाऱ्या आणखी दोघींना तिने पकडून आणलं. दुसऱ्या मजल्यावरच्या, ज्यांच्यावर माझा कटाचा आरोप होता, त्या बाईंनी सगळ्यात जास्त जोर लावला. मागची दोन्ही चाकं फळ्यांवर चढली. हँडब्रेक ओढला, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, आणि टाकीत जे थोडं पेट्रोल होतं ते कॅनमध्ये काढून घेऊन कॅन लांब गेटपाशी नेऊन ठेवला. टाकीत तळाला उरलेलं थोडंसं मात्र मुद्दाम राहू दिलं, चोर पकडायला.

मग मी सतरंजी पसरली आणि गाडीखाली शिरले. या वयात जमिनीवर आडवं होणं सोपं असतं. पुन्हा उठायचा विचार मी मनात येऊ दिला नाही. मागपासून पुढपर्यंत पाईप जुन्या परकराने कोरडा पुसला आणि त्यावर दाढीच्या ब्रशने टाल्कम पावडर फिरवली. पाईप कसा लग्नाला निघाल्यासारखा पांढराशुभ्र झाला. नाक नसेल तर डोळ्यांनी वास घ्यायचा, एवढंच. आणि वाट बघत पडून राहिले.

टाकीजवळच, जिथे रबरी तुकडा लोखंडी पाईपला जोडलेला असतो तिथे, पावडरीत एक करडा ठिपका उमटला. मग त्याला शेपूट फुटलं आणि ते पुढे सरकायला लागलं.

"सापडला!" मी गाडीखालून ओरडले. वर काय झालं मला दिसलं नाही, पण कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

पुढचं काम दिसतं तितकं सोपं नव्हतं. टाकीतला तळाचा घोटही वाटीत काढून बाहेर दिला. जुनं रबर लोखंडाला असं चिकटलं होतं की ओढून हात सोलून निघाले. शेवटी भाजीच्या सुरीने उभा छेद देऊन सोललं, जून दोडका सोलतात तसं. आत पाईपचं टोक गंजलेलं. पॉलिश पेपरने घासून घासून ते चकाकायला लावलं, कारण गंजावर रबर चढवलं तर आजचं मरण उद्यावर एवढंच. वर नवरा बसून होता, टॉर्च धरून. मधेच म्हणाला, "अगं, आपल्याकडे गॅसचा जुना पाईप आहे. मी जपून ठेवलाय."

"त्या पाईपने गाडी नाही, बिल्डिंग पेटेल. त्यापेक्षा थर्मासमध्ये कडकडीत पाणी आण."

तो चहा घेऊन आला. पुन्हा पाठवला. पाणी आलं, त्यात नव्या पाईपचं टोक बुडवलं, रबर मऊ झालं, कोरडं पुसलं आणि पिळत पिळत खूप आतपर्यंत चढवलं. असा घट्ट बसला की मीच स्वतःला शाबासकी दिली. मग शेजारी हात लावला तर क्लिप सतरंजीवर. परकर घालून झाला आणि नाडी ओवायची राहिली! मी ज्या काही शिव्या दिल्या त्या मांडववाल्यांनी ऐकल्या आणि ऐकल्या नाहीत असं दाखवलं. पाईप पुन्हा काढला, क्लिप ओवली, पुन्हा गरम पाणी, पुन्हा चढवला. आवळून टाकला. दुसरं टोकही तसंच.

बाहेर आले तेव्हा केस पावडरीने आणि उरलेली मी काळ्या तेलाने माखलेली होते. उठवायला दोघी लागल्या. शेजारीण म्हणाली, "आरशात बघू नका हं आत्ता." मला आरशाची गरजच नव्हती.

पण यावेळी शिरा केला नाही. गाडी फळ्यांवरून उतरवली, कॅनमधलं पेट्रोल टाकीत ओतलं, वर आणखी आणून टाकी भरली, आणि खाली मागपासून पुढपर्यंत पांढरे चार्ट पेपर अंथरले. रविवारी सकाळी पेपर कोरडे. दुपारी कोरडे. मी दर थोड्या वेळाने खाली जात होते आणि नवरा दर वेळी माझ्यामागून येत होता. तोही वाकून पेपर बघत होता.

दुपारच्या चहानंतर सेक्रेटरी कमिटीला घेऊन आले. मी म्हटलं, "मला वास येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा तुमची नाकं लावा. खोटं बोलायचं नाही." आणि मग बोरीवलीतली ती सगळी प्रतिष्ठित माणसं माझ्या गाडीभोवती वाकली. कोणी बॉनेटपाशी, कोणी चाकापाशी. सेक्रेटरी तर चक्क गुडघे टेकून मागच्या बंपरखाली डोकं घालून बसले.  दहावीच्या निकालाचीही मी एवढी वाट बघितली नव्हती.

ते गुडघे झटकत उठले. "काही नाही. वास नाही. गाडी इथेच राहू दे, वहिनी." थांबून म्हणाले, "माझ्या स्कूटरचं पण जरा बघाल का? गणपतीनंतर."

शेजारणीने मला मिठी मारली. मी तिला म्हटलं, सोड, मला हसू आणि रडू एकदम येतंय. खरंच येत होतं. मी इतकी खूश झाले होते की दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना मांडव निघेपर्यंत माझ्या सावलीच्या जागेत त्यांची गाडी अर्धी घुसवायची परवानगी देऊन टाकली. गणपती उठल्यावर मात्र नाही, हेही लगेच सांगितलं.

तेवढ्यात गेटवर ट्रकचा हॉर्न वाजला. भंगारवाला. कोणीच त्याला येऊ नको म्हणून सांगितलं नव्हतं. तो उतरला, आकडा लावायची साखळी खांद्यावर घेऊन आत आला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाला, "काका, तुम्हीच फोन केलेला ना? कागद आणा."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मग त्या कोरड्या पांढऱ्या पेपरांकडे. "फोन मी केला होता," तो म्हणाला. "चूक झाली. गाडी हिची आहे. हिला विचार."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चार लोकांसमोर त्याने 'चूक झाली' म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मी गाडीत जाऊन बसले. शेजारचं दार उघडलं तसा नवराही येऊन बसला, हातातला टॉर्च तसाच. किल्ली फिरवली. पहिल्याच फिरकीला, अजिबात न कुरकुरता, गाडी सुरू झाली. भंगारवाला माझ्या खिडकीशी आला. गाडीवरून नजर फिरवली, मग माझ्या पांढऱ्या केसांवरून.

"मावशी, एवढा ट्रक घेऊन आलो. आज नाही तर मग कधी येऊ न्यायला?"

"तू कशाला येतोस?" मी म्हटलं. "वेळ आली की मीच चालवत आणून देईन."

आणि मी गिअर टाकला, त्याच्या ट्रकला वळसा घातला आणि रस्त्याला लागले.